निदानाविना चिकित्सा : लातूर-नांदेडच्या हवेचा प्रश्न

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय आपण सर्वांनी अभ्यासलेला आहे. प्रकृती, आहार, सात्म्य व वय भिन्न असूनही एका प्रदेशातील माणसे एकाच वेळी व्याधिग्रस्त का होतात, या अग्निवेशाच्या प्रश्नाला भगवान पुनर्वसू आत्रेय वायू, उदक, देश व काल यांचे वैगुण्य हे उत्तर देतात. दूषित वायूच्या वर्णनात वाळू, धूळ व धूर यांचा स्पष्ट निर्देश आहे. चिकित्सास्थानात श्वासव्याधीच्या हेतूंतही रज आणि धूम येतात. हे सारे ज्ञात असताना कास-श्वासाच्या रुग्णाला ‘धूळ-धूर टाळा’ एवढे सांगून आपण औषधाकडे वळतो. कोणती धूळ, कोणाचा धूर, हा प्रश्न विचारलाच जात नाही.

केंद्र शासनाने जानेवारी 2019 मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर केला. हवेची राष्ट्रीय मानके सातत्याने ओलांडणाऱ्या शहरांच्या त्या यादीत मुंबई-पुण्याबरोबर लातूरचेही नाव आहे, नांदेडचे नाही. याचा अर्थ नांदेडची हवा निर्दोष आहे, असा मात्र घेऊ नये. ही यादी त्यापूर्वीच्या काही वर्षांच्या मोजणीवर आधारलेली होती. जेथे मोजणी अपुरी, तेथे दोषही अव्यक्त राहतो. शिवाय मानकांतही अंतर आहे. सूक्ष्म कणांची, म्हणजे पीएम 2.5 ची, आपली वार्षिक मर्यादा 2009 च्या मानकांनुसार घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सुचविलेली मर्यादा केवळ 5 आहे.

तथापि मोजणी म्हणजे निदान नव्हे. ज्वरमापकाने ज्वर कळतो, त्याचा हेतू कळत नाही. हवेतील कणांचे रासायनिक पृथक्करण करून त्यांचा उगम ठरविण्याचे शास्त्र आज उपलब्ध आहे. सिलिकॉन व ॲल्युमिनियमचे प्रमाण अधिक असेल तर माती व रस्त्याची धूळ, लेव्होग्लुकोसान हे द्रव्य सापडल्यास लाकूड-काडीकचऱ्याचे ज्वलन, असा तर्क त्यात बांधता येतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पुढाकाराने देशातील सहा शहरांचा असा अभ्यास झाला व 2011 च्या सुमारास प्रसिद्ध झाला. त्यात महाराष्ट्रातील मुंबई व पुणे ही दोन शहरे होती.

मराठवाड्याचे हेतू पुण्या-मुंबईहून भिन्न आहेत. साखर कारखान्यांचे बगॅसवर चालणारे बॉयलर, उसाचे पेटविलेले पाचट, डाळ मिल व मोंढ्यातील भुसा, खडी केंद्रे, वीटभट्ट्या, रस्तारुंदीकरणाची माती, घरातील चूल आणि पेटविलेला कचरा. यांतील बरेचसे हिवाळ्यात एकत्र येतात. त्याच काळात रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन वरच्या उबदार थराखाली कोंडली जाते व धूर वर जाऊ शकत नाही.

उगम ठाऊक असणे का आवश्यक आहे? मातीची धूळ बहुतांशी स्थूल असते, तर ज्वलनाचे कण सूक्ष्म असून फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. रस्त्यावर पाणी मारल्याने धूळ बसते, धूर बसत नाही. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने 2024 मध्ये केलेल्या पाहणीनुसार स्वच्छ हवा कार्यक्रमाचा सुमारे 64 टक्के निधी रस्त्यांच्या धुळीवर खर्च झाला होता, उद्योगांच्या वाट्याला एक टक्काही आला नव्हता. वातज कासाला कफज कासाची चिकित्सा द्यावी, तसाच हा प्रकार होय.

आता थोडे स्वतःकडे पाहू. हिवाळा आला की ‘प्रदूषणावर रामबाण’ अशा जाहिरातींसह काढे व अवलेह बाजारात येतात. वासा, कंटकारी, तालीसादि चूर्ण यांचे गुण निर्विवाद आहेत, परंतु हेतुसेवन अखंड चालू असताना कोणतेही औषध रामबाण ठरत नाही. निदानपरिवर्जन हा आपल्याच शास्त्राचा पहिला उपक्रम आहे. गुग्गुळाच्या धूपनाने गावाची हवा शुद्ध होते असे सांगणाऱ्यांनी धूपनाचा धूरही धूरच आहे, हे श्वासाच्या रुग्णापुरते तरी ध्यानात ठेवावे. औषधनिर्मात्या बंधूंच्या पुटासाठी शेकडो गोवऱ्या जळतात, चूर्णयंत्राची धूळ कामगाराच्या छातीत जाते. जेथे शक्य तेथे विद्युत भट्टी, यंत्राला धूळसंग्राहक व कामगाराला योग्य मुखपट्टी, हा खर्च अवाजवी नाही. स्वतःची भट्टी धुरकट ठेवून कारखान्याच्या धुराड्याकडे बोट दाखविणे शोभणारे नाही.

संघटनेपुढे एक साधी योजना मांडतो. प्रत्येक सभासदाने कास, श्वास व प्रतिश्यायाच्या रुग्णाच्या नोंदीत चार गोष्टी लिहाव्यात : गाव किंवा वस्ती, व्यवसाय, घरातील इंधन आणि त्रास वाढण्याचा महिना. नाव-पत्ता वगळून या नोंदी तालुकावार एकत्र कराव्यात व महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आकड्यांशी ताडून पाहाव्यात. नांदेडचे शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ यांचे मार्गदर्शन मागावे. केवळ नोंदींनी उगम सिद्ध होणार नाही, हे खरे, परंतु कोठे व कोणत्या ऋतूत शोध घ्यावा, हे त्यांतून निश्चित कळेल.

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले, तेव्हा लातूरच्या उदकाचे वैगुण्य साऱ्या देशाने पाहिले. हवा मात्र रेल्वेने आणता येत नाही. जनपदाच्या चार भावांपैकी वायूची परीक्षा करणे हे वैद्याचेच कर्तव्य आहे, आणि त्याचा आरंभ आपल्या बाह्यरुग्ण नोंदवहीतून व्हावा, ही सर्व वैद्य बंधुभगिनींना नम्र विनंती.