आखाडात मरळीला बेडूक दाखवू नका



यंदा पाऊस वेळेवर आहे. कपाशीची दुसरी कोळपणी उरकली, मक्याला खताचा हात देऊन झाला. पिकावरचं पुढच्या नोंदीत लिहीन. आज नाल्यावरचं लिहितो, कारण आखाडी जवळ आली आहे आणि आमच्या गिरणापट्ट्यातल्या पोरांनी रॉड-रील काढून ठेवले आहेत. दोन वर्षांपूर्वीची माझी चूक आहे, तीही सांगतो.

आमच्या लहानपणी रॉड-बिड काही नव्हतं. वेळूची काठी, तंगूस, एक गळ, शिशाचा तुकडा, आणि वर तरंगायला ज्वारीच्या ताटाचा गाभा. खाली गांडूळ. एवढ्यावर सुट्टीचा दिवस जायचा. मरळीसाठी मात्र वेगळा प्रकार. जाड दोरी, मोठा गळ, त्याला जिवंत बेडकी टोचायची, दोरी काठावरच्या खुंटीला बांधायची आणि संध्याकाळी घरी यायचं. सकाळी खुंटी वाकलेली दिसली की समजायचं.

आता पोरं मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघतात. तिकडे दोन माशांचं वेड आहे, बास आणि ट्राउट. माझा पुतण्या सुरतेला असतो, त्याने हे बघून दोन रॉड घेतले. एक बारीक, लवचीक, ट्राउटचा. दुसरा जाड, बासचा. दुकानदाराने दिले, याने घेतले. मी म्हटलं, अरे ट्राउट आपल्याकडे कुठून येणार? तो थंड पाण्यातला मासा. इंग्रजांनी तो बाहेरून आणून काश्मिरात आणि निलगिरीच्या डोंगरात सोडला, असल्या थंड पाण्यातच टिकला. पाणी 20 अंशाच्या वर गेलं की त्याला जड जातं, 25 च्या पुढे गेलं की तो टिकत नाही. आणि आमचा भुसावळ-जळगावचा मे महिना तुम्हाला माहीतच आहे. गिरणेत आवर्तन सुटलेलं नसेल तेव्हा डोहातलं पाणी हाताला कोमट लागतं.

पण बासचं वेगळं आहे. बासही आपल्याकडे नाही, पण त्याची चालढाल ऐकाल तर आपली मरळच. उथळ, गवताळ, उबदार पाणी. पाणवेलीच्या कडेला दबा धरून बसायचं, वरून काही हललं की झडप घालायची. म्हणून बाससाठी बनवलेला रबरी बेडूक आमच्या मरळीला जशाच्या तसा चालतो. मी आधी हसलो होतो त्या रबरी खेळण्याला. मग स्वतः लावून बघितला आणि गप्प बसलो.

ज्यांना घ्यायचाय त्यांच्यासाठी सांगतो. बेडूक पोकळ अंगाचा घ्या, ज्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटून असतात. तो जलपर्णीवरून, गवतावरून ओढला तरी अडकत नाही. मरळीने दाबला की रबर चेपतं आणि गळ उघडे पडतात. रॉड साडेसहा-सात फुटाचा, ताठ. दोरी ब्रेडेड, 30-40 पौंडाची. तंगूस नको, तो ताणतो. मरळ लागली की ती पहिल्यांदा गवतात घुसते, तिथे ताण खाणारी दोरी कामाची नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाण्यावर फटका ऐकू आला की लगेच झटका देऊ नका. मनात एक, दोन म्हणा, दोरी ओढली गेलेली हाताला कळू द्या, मग द्या. माझे पहिले चार बेडूक याच घाईत मोकळे परत आले. रॉड-रील मिळून हजार-दीड हजारात काम भागतं. पाच हजाराचा रॉड घेतला म्हणून मरळ जास्त येत नाही.

एवढं शिकवून आता मुद्द्यावर येतो.

दोन वर्षांपूर्वी आखाड संपत आलेला. श्रावण लागायच्या आत सगळ्यांनाच खायचं असतं. पुतण्या सुरतेहून आला, म्हणाला, काका, मरळ दाखवा. आमच्या शेताच्या खाली नाल्यावर कोल्हापुरी बंधारा आहे. त्याच्या वरच्या अंगाला बांधाजवळ गुडघाभर पाण्यात मला आठ दिवसांपासून एक लाल डाग दिसत होता. ताटाएवढा. जवळून बघितलं तर डाग उकळतोय असं वाटायचं, बारीक बारीक बुडबुडे. ती मरळीची पिल्लं. मी त्याला तिथेच नेला.

त्याने बेडूक त्या लाल डागावरून ओढला. पहिल्या फेकीत काही नाही. दुसऱ्या फेकीत फटका. दोन किलोच्या वर भरली. फोटो झाले, घरी रस्सा झाला, मीही खाल्ला. दुसऱ्या दिवशी तिथेच दुसरी लागली. पोरगं खूश. मी म्हटलं, बघ, काकाने जागा कशी दाखवली.

तिसऱ्या दिवशी मोटर चालू करायला गेलो तेव्हा डाग फाटलेला होता. पिल्लं तीन-चार तुकड्यांत विखुरली होती. खंड्या बांधावरच्या बाभळीवर बसून एकसारखा खाली सूर मारत होता. दोन बगळे पाण्यात उभे. कडेला दिवड होतीच. लहान मासे खालून ओढत होते. पाचव्या दिवशी काहीच नव्हतं. काही हजार पिल्लं असतील, मोजणार कोण. दोन मरळी आम्ही खाल्ल्या आणि बाकी सगळं बगळ्यांना वाढून दिलं.

आणि मला माहीत नव्हतं असंही नाही. लहानपणी आमच्या गावात एक भोई आबा होते. नदीत जन्म गेलेला माणूस. आम्ही पोरं असाच लाल डाग बघून गळ टाकायला निघालो तेव्हा काठावरून ओरडले होते, "तठे तिना पिल्ला शेतस रे पोऱ्याहो, गळ नका टाकू." आम्ही नाही टाकला. म्हणजे दहा वर्षांच्या पोराला जे समजलं होतं ते पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने पुतण्यापुढे मोठेपणा करायला विसरून दाखवलं.

मरळ बेडूक का धरते, हे समजून घ्या. इतर दिवसांत ती भूक लागली म्हणून धरते. पिल्लं असताना तिला भूक नसते, ती राखण करत असते. पिल्लांच्या डोक्यावरून जे काही जाईल त्याला ती हाणून लावते. बेडूक असो, पाणसाप असो, नाहीतर चपलेचा तुकडा असो. त्यामुळे त्या दिवसांत मरळ धरायला कसब लागत नाही. व्हिडिओवाला म्हणतो काय जबरदस्त फेक टाकली. फेक कसली? आईला लेकराच्या नावाने हाक मारून दाराबाहेर काढायची आणि मारायची. (पुढे वाचलं की मरळीत बहुतेक वेळा राखण बाप करतो, कधी दोघं मिळून. पण आमच्याकडे मरळ बाईच, त्याला इलाज नाही.)

पावसाचं नवं पाणी आलं की ही मरळ उथळ गवतात जागा साफ करते. अंडी पिवळसर, पाण्यावर तरंगतात. दिवस-दीड दिवसात फुटतात. मग पिल्लं लाल होतात आणि घोळक्याने फिरतात. मरळ वरची हवा घेते, पिल्लांनाही थोड्याच दिवसांत वर यावं लागतं, तेच ते बुडबुडे. बोटाच्या दोन पेरांएवढी झाली की लाल रंग जातो आणि ती पांगतात. म्हणजे साधारण महिनाभराचा प्रश्न आहे. फुलमरळीची पिल्लं लाल नसून काळपट, पट्ट्याची असतात, पण राखण तशीच.

आता ज्या बासचे व्हिडिओ आपण बघतो त्यांच्याकडचं ऐका. बासचा नरही असाच अंड्यांवर आणि पिल्लांवर बसतो. नर उचलला की बाकीचे लहान मासे घरटं साफ करतात, हे तिकडच्या अभ्यासकांनी पाण्यात उतरून बघितलेलं आहे. कॅनडातल्या ऑन्टॅरिओत वर्षानुवर्षे बऱ्याच भागांत विणीच्या दिवसांत बासचा हंगामच बंद ठेवत आले. व्हिडिओत हे दिसत नाही. व्हिडिओत बेडूक दिसतो आणि फटका दिसतो. सामान तिकडचं उचललं, आता तिकडची शिस्तही थोडी उचलू. आणि शिस्त आपल्याला नवीन आहे का? आपल्या कोकणात 1 जून ते 31 जुलै समुद्रात यांत्रिक बोटी बंद असतात, कशासाठी? आमच्या नाल्यावर बघायला कोणी येत नाही, एवढाच फरक.

एक गंमत सांगतो. आपल्या फुलमरळीसारखीच मरळ 2000 साली अमेरिकेच्या फ्लोरिडात सापडली. कोणीतरी सोडली असणार. तिकडे ती परकी, म्हणून जिवंत बाळगायला बंदी, मारा म्हणतात. बास धरणारेच तिला रबरी बेडकाने धरतात. तिकडे मारायलाच पाहिजे, ती त्यांच्या पाण्यातली नाही. आपल्याकडे मरळ घरची आहे.

आता मला माहीत आहे कमेंटमध्ये कोण काय म्हणणार. शेततळंवाले म्हणतील, दादा, मरळ आमची बोटुकली खाते, संपू द्या. बरोबर आहे. रोहू-कटल्याचं बीज सोडलेल्या तळ्यात मरळ नकोच, तिथे दिसली तर बाराही महिने काढा. मी नदी-नाल्याच्या डोहाचं बोलतोय. दुसरे म्हणतील, आम्ही नाही धरली तर करंटवाले धरतील. बॅटरी लावून करंट सोडणाऱ्याला आणि विष टाकणाऱ्याला मी काय सांगणार? विष आणि सुरुंगाने मासे मारणं तर 1897 च्या कायद्यापासून गुन्हा आहे. पण शेजारी बांध कोरतो म्हणून आपणही कोरायचा का?

आणि कृषीवाल्या मित्रांनो, तुमच्यासाठी एक. मरळीचा घोळका कडेच्या उथळ पाण्यात असतो. आपण फवारणीचा पंप धुतो तोही त्याच कडेला. सायपरमेथ्रिन, लॅम्ब्डा या जातीच्या औषधांचं थोडं पाणीही माशाला पुरतं. डब्यावरच्या कागदात लिहिलेलं असतं, आपण वाचत नाही. मरळ घाण पाण्यात जगते, कमी हवेत जगते, ओल्या पोत्यात बाजारापर्यंत जिवंत जाते, म्हणून तिला काही होत नाही असं आपल्याला वाटतं. औषधापुढे तिचं काही चालत नाही. पंप बांधावर धुवा, पाणी पडीक जागेत ओता. शिवारफेरीत बोंडअळीबरोबर हेही सांगत चला.

मग मरळ धरायचीच नाही का? धरा ना. मी पण धरतो. पिल्लं पांगली की दसरा-दिवाळीपासून सुरू करा, थेट नदी आटेपर्यंत. पौष-माघात सकाळी जाऊ नका, गारठ्यात ती हलत नाही. दुपारी बाराच्या पुढे ऊन तापलं की बेडूक गवताच्या कडेकडेने सावकाश ओढा. त्या दिवसांत ती स्वतःच्या भुकेने येते, मग फेकीला किंमत आहे. पक्कड घेऊन गळाचा काटा दाबून टाका, लहान निघाली तर सोडायला सोपं. सोडताना हात ओले करा. आणि पावसाळ्यात चुकून राखणीवरची लागलीच, तर फोटोच्या नादाला न लागता तिथल्या तिथे सोडा. दहा फूट लांब नको, तिथेच. धरणावर जाणार असाल तर बहुतेक ठिकाणी मासेमारीचा ठेका सोसायटीकडे असतो, विचारून जा.

या रविवारी पुतण्या येतोय. सकाळीच फोन आला, "काका, बंधाऱ्यावर लाल डाग दिसला का?" म्हटलं, दिसला. या वेळी दोन आहेत, आणि तू तिकडे जायचं नाहीस. बासचा रॉड सुरतेलाच ठेव. तो ट्राउटचा बारीक रॉड आण, वर्षभर घरात पडला आहे. बारीक गळ, बारीक तंगूस, खाली गांडूळ, त्याला चिलापी झकास लागते. ती 1952 साली बाहेरून आपल्या देशात आणलेली, आमच्या डोहात नको तेवढी झाली आहे, पाहिजे तेवढी काढ.

तो थोडा हिरमुसला. पण येतोय. गांडुळं मी उकिरड्यातून डबाभर काढून ठेवली आहेत.