जकात रुग्णाची की बिलाची?

रमजानचा मध्य उलटला की तरावीहच्या नमाजनंतर मशिदीबाहेर मदतीची आवाहने वाढू लागतात. पूर्वी त्यात मदरशांच्या पावत्या असत, लग्नाला आलेल्या मुलींची नावे असत. आता मोबाईलवर फिरतात ती रुग्णालयांची अंदाजपत्रके. कुणाचे डायलिसिस, कुणाची बायपास, कुणाचे अपुऱ्या दिवसांचे बाळ काचेच्या पेटीत. बिलाचा फोटो, खाते क्रमांक आणि खाली एक ओळ, ‘जकात चालेल’. ईदच्या आत बऱ्यापैकी रक्कम जमतेही. साडेबावन्न तोळे चांदीइतकी शिल्लक वर्षभर बाळगणाऱ्याने तिचा चाळिसावा भाग द्यायचा असतो आणि बहुतेक जण तो याच महिन्यात काढतात. पैसा निघतो मनापासून. तो नेमका पोहोचतो कुठे, हे मात्र कमी लोक पाहतात.

एका माणसाचा जीव वाचला, एवढे पुरेसे नाही का? परिणामावरून कृतीची किंमत ठरवणारे बेंथम आणि मिल यांचे उपयुक्ततावादी तत्त्वज्ञान म्हणेल, पुरेसे आहे. कर्तव्याला प्रमाण मानणारा कांट मात्र आधी विचारेल, हा खर्च मुळात कुणाचे कर्तव्य होता? महाराष्ट्रात या दुसऱ्या प्रश्नाला कायद्याचे उत्तर आहे.

राज्यात चारशेहून अधिक रुग्णालये धर्मादाय म्हणून नोंदलेली आहेत. त्यातली कित्येक चकचकीत आहेत आणि तिथे पाऊल टाकताना ती धर्मादाय आहेत, हे सामान्य माणसाच्या मनातही येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2006 साली मंजूर केलेल्या योजनेनुसार या रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या आहेत. सध्या वार्षिक उत्पन्न 1 लाख 80 हजार रुपयांपर्यंत असेल तर निर्धन आणि 3 लाख 60 हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक, अशी मर्यादा आहे. खर्च भागवण्यासाठी इतर रुग्णांच्या एकूण बिलांतून 2 टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’त बाजूला काढायची. अशा रुग्णाकडून अनामत मागायची नाही. तातडीच्या प्रसंगी आधी दाखल करून जीव वाचवणारे उपचार द्यायचे. यात जातीची, धर्माची अट नाही. शिधापत्रिका आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, एवढ्यावर हक्क सिद्ध होतो.

समजा, हमाली करणाऱ्या एखाद्या माणसाचे बिल 3 लाख झाले. तो या योजनेत बसत होता, पण त्याला कुणी सांगितले नाही. मोहल्ल्याने चार दिवसांत जकातीतून 3 लाख उभे केले. माणूस घरी आला, सगळ्यांनी अल्लाहचे आभार मानले. हिशेब मात्र असा, की रुग्णालयाने ज्या निधीतून खर्च करायचा, तो निधी तसाच राहिला आणि गरिबाची जकात रुग्णालयाच्या गल्ल्यात गेली. हमाल फक्त मधला टप्पा ठरला. त्याच पैशात त्याचे पुढच्या सहा महिन्यांचे घरभाडे, मुलांच्या फीया आणि औषधे निघाली असती, कारण आजारपणातून उठलेला हमाल लगेच पोते उचलू शकत नाही.

फिक्ह, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्र, इथे आश्चर्य वाटावे इतके काटेकोर आहे. जकातीचे आठ हक्कदार सूरह तौबात मोजून दिले आहेत. त्यात फकीर आहे, मिस्कीन आहे, कर्जात बुडालेला माणूस आहे. इमारत नाही, संस्थेचे खाते नाही. हनफी परंपरेत ‘तमलीक’ची अट आहे, म्हणजे रक्कम गरजूच्या मालकीची झाली पाहिजे. म्हणूनच जाणते मुफ्ती परस्पर रुग्णालयात जकात भरण्याआधी रुग्णाची परवानगी घ्यायला सांगतात. हा नियम अनेकांना कर्मठपणा वाटतो. खरे तर त्यामागे साधी व्यवहारी समज आहे, पैसा गरिबाच्या हातात पडला की त्याचे काय करायचे ते तो ठरवेल.

शेजारच्या घरातून एक प्रश्न नेहमी येतो, जकात फक्त मुसलमानालाच का? बहुसंख्य उलेमांचे मत तसे आहे. पण ऐच्छिक सदका कुणालाही देता येतो आणि ईदचा फितराही इमाम अबू हनीफांच्या मते बिगरमुस्लिम गरिबाला देता येतो. रुग्णालयाच्या व्हरांड्यात हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

अबू हनीफा स्वतः कापडाचे व्यापारी. त्यांच्याविषयी एक गोष्ट सांगितली जाते. भागीदाराने दोष न सांगता एक सदोष कापड विकले. गिऱ्हाईक सापडेना, तेव्हा इमामांनी त्या विक्रीची सगळी रक्कम दान केली. सौद्यातला दोष लपवून मिळवलेला नफा त्यांना आपला वाटला नाही. आजच्या रुग्णालयात गिऱ्हाईक तर आणखी अडलेले असते. त्याला मालही कळत नाही आणि भावही. 2018 साली राष्ट्रीय औषध दर प्राधिकरणाने दिल्ली परिसरातील चार खासगी रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा काही वस्तूंवर 1,737 टक्क्यांपर्यंत नफा घेतल्याचे आढळले. त्याआधी 2017 च्या फेब्रुवारीत हृदयातल्या औषधी स्टेंटची किंमत सरकारने 29,600 रुपयांवर बांधली, तोवर हाच स्टेंट लाखाच्या पुढे विकला जात होता. स्टेंट तोच होता, रुग्णही तसेच होते. धर्मादाय योजनेत म्हणूनच निर्धन रुग्णाच्या बिलात औषधे, साहित्य आणि इम्प्लांट रुग्णालयाच्या खरेदी किमतीलाच धरायचे, असे कलम आहे. जकात देणाऱ्यांनी बिलाचे हे पान तरी तपासावे.

रुग्णालयांची बाजूही आहे. 2 टक्क्यांचा निधी लवकर संपतो, सरकारी योजनांचे पैसे वेळेवर येत नाहीत, डॉक्टर-परिचारिकांचे पगार थांबत नाहीत. हे खोटे नाही. पण करसवलती, अनेक ठिकाणी नाममात्र भाड्याची जमीन आणि वाढीव बांधकामाची परवानगी ‘धर्मादाय’ या एका शब्दावर मिळालेली असते. तो शब्द कागदावर घेतला की त्याची किंमत खाटांमध्येच मोजावी लागते. निधी संपला असेल तर त्याचा हिशेब मागण्याचा अधिकार धर्मादाय आयुक्तांना आहे. तो नियमित मागितला जात असता, तर इतके फोटो मोबाईलवर फिरलेच नसते.

इमाम गझालींनी शरियतची जी पाच उद्दिष्टे सांगितली, त्यांत धर्माच्या रक्षणाला लागूनच जिवाचे रक्षण येते आणि मालमत्तेचे त्यानंतर. आजारी माणसाला रोजा सोडण्याची मुभा याच विचारातली. (इन्सुलिन घेणारे कितीतरी बुजुर्ग ती मुभा नाकारून ईदच्या आधीच रुग्णालयात पोहोचतात, तो वेगळ्या लेखाचा विषय.) दमास्कसमध्ये नूरुद्दीनने 1154 साली आणि कैरोत सुलतान कलावूनने 1284 साली वक्फच्या उत्पन्नावर मोठी रुग्णालये उभारली. स्त्री-पुरुष, श्रीमंत-गरीब, सगळ्यांना दारे खुली. तिथे औषध दानात मिळत नव्हते, हक्काने मिळत होते.

काही शहरांतल्या तरुणांनी आता जकात गोळा करण्याआधी तीन कागद मागायला सुरुवात केली तर बरेच साधेल: शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला आणि रुग्णालय धर्मादाय आहे की नाही याची माहिती. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तो आजार बसतो का, हे त्यानंतर. रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकाकडे अर्ज लेखी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. नकार दिला तर तोही लेखी मागावा. रुग्ण अत्यवस्थ असेल तर अर्थातच यातले काही आधी करत बसू नये. पैसे भरून जीव वाचवावा, कागद दुसऱ्या दिवशी द्यावेत आणि भरलेल्या रकमेची पावती रुग्णाच्या नावावर घ्यावी. परतावा मिळालाच, तर तो त्याच्या हातात पडेल.