तुटलेला बोल्ट आणि ‘पंक्चरवाला’

अब्बांची बजाज चेतक १९८४ सालची. अब्बा गेल्यापासून ती अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. यंदा ईद झाल्यावर ती पुन्हा चालू करायचे मनावर घेतले. इंजिन खाली उतरवले आणि क्लचचे झाकण उघडताना घाई नडली. पाना जोरात ओढला, ‘कट्’ असा आवाज आला. बोल्टचे डोके पान्यात आणि ६ मिलिमीटर जाडीचा उरलेला तुकडा केसिंगच्या आत. पकडीला धरायला टोकसुद्धा वर नाही.

एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. “केसिंग बदला,” एवढेच उत्तर मिळाले. पण इंजिन नंबर केसिंगवरच कोरलेला असतो. केसिंग बदलले की आरसी बुकाचा घोळ, आणि अब्बांची गाडी अब्बांची राहणार नाही ते वेगळेच.

शेवटी मोहल्ल्यातल्या मिस्त्रीचाचांकडे गेलो. त्यांनी भोकाकडे पाहिले, मग माझ्याकडे. म्हणाले, “जोर लगाया ना? बेटा, ये सबर का काम है.”

बोल्ट पोलादाचा, केसिंग अॅल्युमिनियमचे. दोन धातूंच्या मध्ये ओल शिरली की अॅल्युमिनियम खराब होते, त्याची पांढरी भुकटी फुगते आणि आटे जाम होतात. मी सोबत ‘इझी आउट’ नेला होता. चाचांनी तो बाजूला ठेवला. तो कडक आणि ठिसूळ पोलादाचा. आतच तुटला तर साधे ड्रिल त्याला कापत नाही, म्हणजे एका तुकड्याचे दोन व्हायचे. नुसते ड्रिल मारावे तर ते कडक बोल्टवरून घसरून बाजूच्या मऊ अॅल्युमिनियममध्ये शिरते.

त्यांनी रात्रभर डिझेल मुरू दिले. सकाळी पंचाने तुकड्यावर हलके ठोके दिले, मग भोवतीचे केसिंग गॅसने तापवले. तेवढ्याच उष्णतेने अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे पकड ढिली होते. मग तुकड्यावर एक नट ठेवून नटाच्या भोकातून वेल्डिंग केले. पोलादाचे वेल्डिंग अॅल्युमिनियमला चिकटत नाही, तुकड्याला चिकटते. पहिला नट सुटून आला. चाचा काही बोलले नाहीत, दुसरा लावला. थंड होऊ दिला. मग पान्याने जरासे पुढे, जरासे मागे, मध्ये तेलाचा थेंब. दहा मिनिटांनी तुकडा बाहेर आला. आटे शाबूत.

त्या संध्याकाळी फोन उघडला, तर कुणीतरी पुन्हा ‘पंक्चरवाले’ म्हणून आपल्याला हिणवले होते. खाली आपल्याच पोरांनी नेहमीचे उत्तर दिले होते: अब्दुल कलाम यांचा फोटो.

कलाम साहेबांबद्दल मला आदर आहे. पण हे उत्तर मला पटत नाही. हिणवणारा म्हणतो, हाताने दुरुस्ती करणे हलके काम आहे. आपण म्हणतो, नाही हो, आमच्यात शास्त्रज्ञही आहेत. म्हणजे काम हलके आहे हे आपणही मान्य केलेच. चाचांना आपण त्या फोटोमागे लपवले.

घरात तरी वेगळे काय होते? स्थळ येते, मुलगा गॅरेज चालवतो म्हटले की चेहरे उतरतात. कुरआनात हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचा उल्लेख आहे. ते स्वतःच्या हातच्या कमाईवर जगत, हे हदीसमध्ये आहे. हे बयानात ऐकून आपण मान डोलावतो आणि बाहेर येऊन मिस्त्रीशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो. मीही केली आहे.

पण नुसता गौरव करून भागणार नाही. २००६ च्या सच्चर अहवालाने दाखवले की मुस्लिम कामगार नियमित पगाराच्या नोकऱ्यांत कमी आणि स्वयंरोजगारात जास्त आहेत; वाहनदुरुस्ती हे त्यांतले एक मोठे क्षेत्र. पोरगा बाराव्या वर्षी शाळा सोडून हेल्पर होतो, ती कारागिरीची निवड नसते, ती मजबुरी असते. त्याला हात येतो, पण कागद मिळत नाही, आणि कागदाविना बँक कर्ज देत नाही, कंपनी उभे करत नाही.

म्हणून दोन गोष्टी व्हाव्यात. पोराने दहावी पूर्ण करावी आणि मग आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड घ्यावा. आणि जे चाचा आयुष्यभर हे काम करत आले, त्यांना कौशल्य विकास योजनेत आधीच्या अनुभवावर प्रमाणपत्र मिळण्याची सोय आहे. त्याचे फॉर्म भरून द्यायला जुम्म्यानंतर मशिदीत चार शिकलेली पोरे बसली तरी पुष्कळ होईल.

चाचांनी दोनशे रुपये सांगितले. मी तेवढेच दिले. त्यांचा नातू आठवीत आहे. तो तुकडा हातात घेऊन आटे निरखत होता. चाचा त्याला म्हणाले, “देख लिया? अब स्कूल जा.”