फडताळात पडून राहिलेले औषध

छत्तीसगडच्या दूरदूरच्या खेड्यांतून कर्करोगाचे रुग्ण उपचारासाठी रायपूरला येतात. डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालय असो वा २०१२ मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था असो, अशा ठिकाणी वेदना असह्य झाल्यावर डॉक्टर मॉर्फिनच्या गोळ्या लिहून देऊ शकतात. मॉर्फिन अफूपासून बनते, एवढे कानावर पडले तरी घरची मंडळी धास्तावतात. गोळ्या फडताळात पडून राहतात आणि रुग्ण रात्रभर कण्हत राहतो.

ही भीती एकट्या घराचीच नव्हे. शेजारच्या मध्य प्रदेशात, नीमच येथे, सरकारी अफू कारखाना आहे. तरीही १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानंतर परवान्यांच्या जाचामुळे रुग्णालयांना मॉर्फिन दुर्मीळ झाले. १९९७ मध्ये देशभरातील त्याचा वैद्यकीय वापर अवघ्या १८ किलोग्रॅमपर्यंत घसरला होता. २०१४ च्या दुरुस्तीने ही वाट पुष्कळ सुकर केली.

कर्करोगाच्या वेदनेसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन क्वचितच जडते. शरीराला त्याची सवय होते, हे खरे. म्हणून ते एकाएकी बंद करू नये. पण सवय म्हणजे व्यसन नव्हे. गोळी दुखणे वाढण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळी द्यावी लागते. बद्धकोष्ठता बहुधा होतेच. तीवरील औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्यावे. हळूहळू विरघळणारी गोळी कुटून देऊ नये.

खरा धोका पुष्कळदा घरच्या भाबड्या चांगुलपणातून उद्भवतो. शेजाऱ्याची कंबर दुखते म्हणून रुग्णाची एक गोळी त्याला दिली जाते. ज्याच्या शरीराला सवय नाही, त्याचा श्वास त्या एका गोळीनेही मंदावू शकतो. तिच्या जोडीला मोहाची दारू किंवा झोपेची गोळी पोटात गेली, तर संकट अधिकच गंभीर. म्हणून हे औषध कुलपात असावे आणि उरलेल्या गोळ्यांचे काय करायचे, ते रुग्णालयातच विचारावे.

परंतु चिठ्ठीच वाचता येत नसेल, तर हे सारे कोणी पाळावे? अशा नातेवाइकाला पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून वेळ दाखवणे, ती त्याच्याकडून एकदा वदवून घेणे, हाही उपचाराचाच भाग मानला पाहिजे. आणि रुग्ण हाका मारूनही जागा होईना, श्वास फार संथ झाला, तर पुढची गोळी न देता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवायची, हेही त्याला निघण्यापूर्वीच सांगितले पाहिजे.