मय्यतीला खांदा आणि त्यानंतर



दिल्लीत मोठे झालेले कितीतरी नेते दिल्लीच्याच मातीत विसावले. यशवंतराव चव्हाण मात्र घरी परत आले. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले आणि कराडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांना अखेरचा निरोप दिला गेला. इंदिरा गांधींच्या हत्येला तेव्हा महिनाही झाला नव्हता. आमच्या इस्लामपूर भागाने तर त्याच वर्षी जानेवारीत राजारामबापू पाटलांना गमावले होते.

यशवंतराव आम्हा इस्लामपूरकरांचे कोण? १९१३ साली देवराष्ट्रे या आजोळी ते जन्मले, तेव्हा देवराष्ट्रे, कराड आणि इस्लामपूर एकाच सातारा जिल्ह्यात होती. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला, त्याचाच पुढे सांगली जिल्हा झाला. जिल्ह्याची वाटणी झाली. नात्याची झाली नाही.

वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. आई विठाईंनी हलाखीत मुले वाढवली. कराडच्या टिळक हायस्कुलात शिकलेला हा मुलगा १९६० मध्ये महाराष्ट्राचा पहिला मुख्यमंत्री झाला, १९६२ मध्ये देशाचा संरक्षणमंत्री आणि १९७९ मध्ये उपपंतप्रधान. पत्नी वेणूताई त्यांच्या आधी, जून १९८३ मध्ये गेल्या. मूलबाळ नव्हते. मग वारस कोण? गावच वारस झाले. कराडात वेणूताईंच्या नावाचे स्मारक आहे आणि यशवंतरावांचा ग्रंथसंग्रह तिथे जपलेला आहे.

आपल्या घरांशी त्यांचा संबंध आणखी जवळचा आहे. त्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात ई.बी.सी.ची फी-सवलत आली. तिच्या अर्जावर बापाचे उत्पन्न पाहिले जाई. जात आणि धर्म नाही. बागवान, अत्तार, मुलाणी, पिंजारी अशा घरांतल्या मुलांनाही त्यामुळे शाळेचा दरवाजा उघडा राहिला. १९६२ मध्ये कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ सुरू झाले आणि पदवीसाठी पुणे-मुंबई गाठण्याची आमच्या भागाची गरज कमी झाली.

२०१५ मध्ये माजी राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांचे शिलाँगमध्ये निधन झाले. त्यांचे दफन त्यांच्या गावी, रामेश्वरमला झाले. तिथेही सर्व धर्मांची माणसे निरोपाला आली. कराड असो वा रामेश्वरम, गावाने आपला माणूस म्हणूनच त्यांना निरोप दिला.

मय्यतीला खांदा देणे हा आपल्याकडे शेजारधर्म आहे. मय्यत कोणाची, हे विचारून आपले वडीलधारे घराबाहेर पडत नसत. हल्ली मात्र चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागतो, त्यावर गेलेल्या माणसापेक्षा लावणाऱ्यांचे फोटो मोठे असतात, आणि चार दिवसांत सारे विसरले जाते. शेजारच्या गल्लीतल्या मय्यतीला जावे की नाही, याचाही लोक विचार करू लागले आहेत. ही गोष्ट आम्हाला खुपते.

निरोप एका दिवसात संपत नाही. गेलेल्याचे चांगले काम पुढे चालवणे, हाच सदका-ए-जारियाचा अर्थ आहे. म्हणून आमचे सांगणे साधे आहे. आपल्या मोहल्ल्यात फीअभावी शाळा सुटण्याच्या बेतात असलेले एखादे मूल शोधा. ते कोणत्या घरचे, हे विचारू नका. चार घरांनी मिळून त्याची वर्षाची फी भरा. ज्यांच्यामुळे आपली मुले शिकली, त्यांना याहून चांगला निरोप आम्हाला तरी सुचत नाही.