पंखा डायरेक्ट जोडू नका, मंडळी

आज टोमॅटोचं काही नाही, वडिलांच्या पद्मिनीबद्दल लिहितोय. पण गोष्ट वायरची आहे, त्यामुळे ज्यांच्याकडे जुनी जीप किंवा ट्रॅक्टर आहे त्यांनीही वाचा.

गेल्या मे महिन्यात कल्याणचं लग्न उरकून माळशेज घाट चढत होतो. मागच्या सीटवर आई आणि माझी पोरगी. वर ट्रक बंद पडलेला, गाड्यांची रांग लागलेली. पद्मिनीचा मूळ पंखा इंजिनवर फिरतो. गाडी उभी असली की इंजिन हळू, म्हणजे पंखाही हळू. काटा वर सरकायला लागला. म्हणून वर्षभरापूर्वी बसवून घेतलेल्या इलेक्ट्रिक पंख्याचं डॅशबोर्डवरचं बटण दाबलं.

दोन मिनिटांत जळका वास. डॅशबोर्डखालून धूर. बटण बंद करायला गेलो तर ते वितळून चिकटलेलं. चावी काढली, तरी धूर चालूच! आईला आणि पोरीला खाली उतरवलं, बॉनेट उघडलं, पाना घेऊन बॅटरीचं टर्मिनल काढलं तेव्हा थांबलं. बाजूनेच पेट्रोलची रबरी नळी गेलेली. पुढचं लिहीत नाही, समजून घ्या.

नंतर उलगडा झाला. बॅटरीवरून वायर थेट बटणाला आणि तिथून पंख्याला. मध्ये फ्यूज नाही. पत्र्याच्या भोकातून वायर आत-बाहेर नेलेली, भोकाला रबर नाही. वर्षभर घासून आवरण कापलं गेलं आणि वायर बॉडीला टेकली. वायरमनला दोष देणार नाही. "दादा, डायरेक्ट देतो, टेन्शन नाही," असं तो म्हणाला आणि "स्वस्तात होतंय ना, दे," असं मीच म्हणालो.

आता माझं मत. जुन्या गाडीत काही बदलूच नये, असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. इलेक्ट्रिक पंखा बसवा, गर्दीत आणि घाटात तो कामाचा आहे. पण पंखा बसवणं हे अर्धंच काम. वायरिंगचा हिशोब झाल्याशिवाय त्याला हात लावू नका.

मला सांगा, विहिरीवरच्या मोटारीला आपण घरातल्या दिव्याच्या बटणावरून लाईन देतो का? नाही, स्टार्टर लावतो. बोटाने दाबायचं बटण छोटं, मोठा करंट ओढणारा कॉन्टॅक्टर वेगळा. गाडीतला रिले म्हणजे तोच स्टार्टर. 100 वॅटचा पंखा 12 व्होल्टवर आठेक अँपिअर खातो आणि सुरू होताना त्याहून कितीतरी जास्त. रिलेच्या कॉइलला मात्र अर्धा अँपिअरही लागत नाही. म्हणजे जड करंट बॉनेटखालीच राहतो, डॅशबोर्डपर्यंत येतच नाही.

मी आता असं केलंय. बॅटरी पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरावर 20 अँपिअरचा फ्यूज. तिथून 2.5 स्क्वेअर एमएमची वायर रिलेच्या 30 नंबरला, 87 वरून पंख्याला. फ्यूज पंखा वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो, म्हणून तो बॅटरीजवळच हवा. 86 ला चावीनंतरची लाईन, म्हणजे चावी काढली की पंखा बंद. 85 वरून थर्मोस्विच आणि तिथून अर्थ. पंख्याचा अर्थ रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट बसवलाय. गंजक्या अर्थवर पंखा नुसता कण्हतो.

थर्मोस्विच साधारण 92 अंशाला लागून 87 ला सुटणारा घेतला. तो रेडिएटरच्या रबरी पाईपमध्ये धातूचा तुकडा घालून बसवला असेल, तर त्या तुकड्याला वेगळी अर्थ वायर द्या. रबरातून करंट जात नाही, हे लक्षात न आल्याने मी एक दिवस डोकं धरून बसलो होतो.

"रिले म्हणजे बिघडायला आणखी एक वस्तू, साधं बटणच भरवशाचं," असं शेजारच्या काकांचं म्हणणं. त्यात तथ्य आहे. थर्मोस्विच बिघडूही शकतो. म्हणून बटण काढलं नाही, फक्त त्याची जागा बदलली. ते आता थर्मोस्विचला समांतर आहे, 85 आणि अर्थच्या मध्ये. थर्मोस्विच रुसला तर बटण दाबायचं. नुसत्या बटणावर मात्र राहू नका, घाटात आपलं लक्ष रस्त्यावर असतं, काट्यावर नाही.

आणखी दोन गोष्टी. जुन्या गाडीत डायनॅमो असेल, तर इंजिन हळू चालताना तो जवळपास काहीच चार्ज करत नाही. रात्री ट्रॅफिकमध्ये हेडलाईट आणि पंखा दोन्ही चालले की बॅटरी उतरणार, हे धरून चाला. दुसरं, पंखा उलटा जोडला नाही ना ते तपासा. रेडिएटरच्या पुढून जाळीवर कागद धरायचा. चिकटला तर हवा बरोबर ओढतोय.

इंजिनवरचा मूळ पंखा मी काढला नाही, कंपनीच्या वायरिंगला कात्री लावली नाही. उद्या कुणाला गाडी पहिल्यासारखी करायची असेल तर तासाभरात होईल. रिले, फ्यूज, वायर, रबर धरून खर्च हजाराच्या आत.

आज संध्याकाळी एक काम करा. आपल्या गाडीचं बॉनेट उघडा आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून नंतर जोडलेल्या वायरी मोजा. हॉर्न, टेप, फोकस, पंखा, जे असेल ते. ज्या वायरीवर फ्यूज नाही, ती आजच सोडवून ठेवा. फ्यूज आणला की मग जोडा.