मोठ्यांनी घेतले म्हणून

पुण्याहून नगरचा रस्ता धरला की वाटेत सुपे लागते. सुप्याच्या आसपास डोंगरमाथ्यावर पवनचक्क्यांची पाती फिरताना दिसली की समजावे, निम्म्याहून अधिक वाट सरली. गेल्या भाऊबिजेला एस. टी.च्या खिडकीतून त्या पाहिल्या तेव्हा मला कल्पना नव्हती की, संध्याकाळी ओवाळणीचे तबक खाली ठेवल्याबरोबर आक्काच्या घरी विजेच्या कंपन्यांचाच विषय निघणार आहे!

आक्का माझी थोरली बहीण. चितळे रोडपासून पाच मिनिटांवर राहते. भाऊजींना जाऊन सहा वर्षे झाली. त्यांच्या ग्रॅच्युइटीतले आठ लाख रुपये तिने बँकेत मुदतीवर ठेवले होते, धाकटीच्या शिक्षणासाठी. ती मुदत डिसेंबरात संपत होती. थोरला मुलगा पुण्यात नोकरीला. हे आमचे भाचेबुवा फराळाचे ताट पुढे ओढून म्हणाले, "मामा, आईला तुम्हीच समजावा. एका वीज कंपनीत परदेशातला मोठा हेज फंड शिरलाय. पक्की खबर आहे. बँकेचे पैसे काढून आपण सगळे तिथे लावू. एवढे मोठे लोक उगाच घेतात का?"

खबर कुठली, तर फोनवर आलेला एक निरोप. त्यात फंडाचे नाव होते, टक्केवारी होती आणि शेवटी तीन उद्गारचिन्हे होती.

आक्का करंज्या वाढता वाढता थांबली. म्हणाली, "अरे, मला त्यातलं काही कळत नाही. पण मोठा माणूस आत शिरला, हे ह्याला कुणी सांगितलं? त्या मोठ्या माणसानं?"

प्रश्न सरळ होता. त्याचे उत्तर शोधण्यात आमची सारी संध्याकाळ गेली. आज अशी खबर घराघरांत येते, म्हणून त्या संध्याकाळची हकीकत वाचकांपुढे ठेवतो.

कंपनीचे मालक कोण, हे आता गुपित राहिलेले नाही. शेअरबाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला दर तिमाही संपल्यावर एकवीस दिवसांच्या आत भागधारकांचा तक्ता बाजाराला द्यावा लागतो. तो मुंबई शेअरबाजाराच्या आणि राष्ट्रीय शेअरबाजाराच्या संकेतस्थळांवर कोणालाही फुकट पाहता येतो. त्यात पहिली ओळ प्रवर्तकांची, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या घराण्याची किंवा समूहाची. मग म्युच्युअल फंड, विमा कंपन्या, परदेशी गुंतवणूकदार, आणि शेवटी तुमच्या-आमच्यासारखी किरकोळ मंडळी. ज्याच्याकडे एक टक्का किंवा अधिक शेअर आहेत, त्याचे नावही दिलेले असते. प्रवर्तकांनी आपले शेअर गहाण टाकले असतील तर तेही तिथेच कळते. हा रकाना वाचायला सहसा कोणी थांबत नाही, पण घरात यायच्या सुनेची पत्रिका पाहणाऱ्यांनी हाही जरूर पाहावा.

सरावासाठी आम्ही आक्काचीच कंपनी घेतली. भाऊजींनी फार पूर्वी टाटा पॉवरचे पन्नास शेअर घेऊन ठेवले होते. ही कंपनी नगरकरांना अगदीच परकी नाही. तिच्या पवनवीज प्रकल्पांत आपल्या जिल्ह्यातली सुपे आणि खांडके ही नावे आहेत. घराणे जुने. टाटांची पहिली जलविद्युत कंपनी 1910 सालची, आणि 1915 साली खोपोलीच्या केंद्रातून मुंबईला वीज जाऊ लागली.

तक्ता उघडला. प्रवर्तकांचा वाटा 46.86 टक्के. भाच्याने जुने तक्ते चाळले आणि तो एकदम ओरडला, "मामा, हे पाहा! 2020 च्या आधी हा वाटा 37.22 टक्के होता. टाटांनी बाजारातून केवढी खरेदी केली!"

इथेच पहिली मेख आहे. टाटा सन्सने ते शेअर बाजारात कोणाकडून घेतले नव्हते. कंपनीने 2020 साली 49 कोटींहून थोडे अधिक नवे शेअर काढले आणि 53 रुपये भावाने टाटा सन्सला दिले. त्यातून कंपनीला 2,600 कोटी रुपये मिळाले. एकूण शेअर साधारण 270 कोटींवरून 319 कोटींवर गेले. आता समजा, एखाद्या संस्थेकडे आधी पाच टक्के होते. तिने एकही शेअर विकला नाही, तरी नव्या तक्त्यात ती सव्वाचार टक्क्यांच्या आसपास दिसणार. ताटातल्या चकल्या तेवढ्याच, पण डबा मोठा झाला. नुसती टक्केवारी पाहणारा म्हणेल, "संस्था पळाली!" म्हणून टक्क्यांच्या शेजारचा शेअरांच्या संख्येचा रकाना आधी वाचावा.

पण संख्याही फसवते. ते आक्कानेच सांगितले. "यांचे पन्नास होते ना, ते पुढं पाचशे झाले. कागद आला तेव्हा मला वाटलं, लॉटरीच लागली! मग यांनी समजावलं, दहाच्या नोटेची एकेक रुपयाची नाणी करून दिलीत म्हणून." भाऊजींनी बरोबर सांगितले होते. 2011 साली त्या कंपनीने दहा रुपये दर्शनी किमतीच्या शेअरचे एकेक रुपयाचे दहा भाग केले. त्या वर्षीच्या तक्त्यांत साऱ्याच भागधारकांची संख्या दसपट झाली. खरेदी कोणीच केली नव्हती.

खाली विमा कंपन्यांच्या ओळीत आयुर्विमा महामंडळाचे नाव आले. आक्काने चष्मा वर केला. "म्हणजे माझा हप्ता इथं पोचलाय?" मी म्हटले, "तुझा एकटीचा नाही, पण तुझ्यासारख्या कोट्यवधींचा." बाहेरून पाहिले तर 'मोठे लोक', आतून पाहिले तर आक्काचा हप्ता आणि भाच्याच्या म्युच्युअल फंडातले दरमहाचे हजार रुपये! या संस्था वीज कंपन्यांचे शेअर बाळगतात, कारण विजेची मागणी मंदीतही फारशी आटत नाही आणि तिचे दर बव्हंशी नियामक आयोग ठरवतो. त्यांना वीस-वीस वर्षांची देणी द्यायची असतात, तेव्हा त्यांचे थांबणे त्यांच्या गरजेला धरून असते.

आता हेज फंडाकडे वळू. इंग्रजीत हेज म्हणजे कुंपण. 1949 साली न्यूयॉर्कमध्ये आल्फ्रेड जोन्स या गृहस्थाने अशी युक्ती काढली की, काही शेअर विकत घ्यायचे आणि त्याच वेळी दुसरे काही उसने घेऊन विकायचे. बाजार चढला तर घेतलेले कामी येतात, पडला तर विकलेले. नुकसानीला घातलेले कुंपण, म्हणून हे नाव. पुढे कुंपण पुष्कळांनी काढून टाकले, नाव तेवढे राहिले.

आपल्या तक्त्यात 'हेज फंड' अशी ओळच नाही. देशातला असेल तर तो पर्यायी गुंतवणूक निधींत मोडतो, परदेशातला असेल तर परदेशी गुंतवणूकदारांच्या ओळीत. त्या एकाच ओळीत परदेशी पेन्शन फंड असतात, सरकारी निधी असतात आणि निर्देशांकाप्रमाणे यंत्रासारखी खरेदी करणारे फंडही असतात. शेअर निर्देशांकात आला की या शेवटच्यांना तो घ्यावाच लागतो. त्यात कंपनीविषयी कोणाचे काही मत नसते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. तक्ता फक्त घेतलेले दाखवतो. त्याच फंडाने वायदेबाजारात तोच शेअर पुढच्या तारखेला विकून ठेवला असेल तर ते तिथे दिसत नाही. एका हाताने घेतलेले दिसते आणि दुसऱ्या हाताने विकलेले दिसत नाही, अशा माणसाला पाहून 'याचा भरवसा पक्का' असे कसे म्हणावे? अमेरिकेतही दहा कोटी डॉलरांहून अधिक रक्कम सांभाळणाऱ्या संस्थांना 1975 च्या कायदेबदलापासून आपली यादी द्यावी लागते. पण ती तिमाहीनंतर पंचेचाळीस दिवसांपर्यंत देता येते, आणि उसने घेऊन विकलेले शेअर तिच्यातही नसतात.

काही वर्षांमागचे एक उदाहरण या जागी आठवते. जानेवारी 2023 मध्ये एका अमेरिकन संस्थेच्या अहवालानंतर अदानी समूहाचे शेअर कोसळले. भाव पडला तर आपला फायदा आहे, हे त्या संस्थेने उघड सांगितले होते. मग 2 मार्चला जीक्यूजी पार्टनर्स या परदेशी गुंतवणूक संस्थेने समूहाच्या चार कंपन्यांत 15,446 कोटी रुपये घातले. त्यांत तेव्हाची अदानी ट्रान्समिशन होती, मुंबई उपनगरातला वीजपुरवठा जिच्या छत्राखाली आहे ती. 'परदेशी संस्थेने घेतले' एवढेच पुष्कळांच्या लक्षात राहिले. पण विकणारा प्रवर्तक कुटुंबाचाच विश्वस्त निधी होता. तक्त्यात परदेशी ओळ वर गेली, प्रवर्तकांची खाली आली. घेणे हा व्यवहार एकट्याचा नसतो. कोणी घेतले हे ऐकले की कोणी दिले, हेही विचारावे.

हे सगळे झाल्यावर भाच्याच्या निरोपाकडे वळलो. त्या कंपनीचे नाव इथे सांगत नाही, त्याचे कारण नाही. निरोपातली टक्केवारी जूनअखेरच्या तक्त्याशी जुळली. फंडाचे नाव होते, एक टक्क्याच्या जरासे वर. भाच्याचा चेहरा उजळला. मग सप्टेंबरअखेरचा तक्ता उघडला.

त्यात ते नावच नव्हते!

भाचा दोनदा वरून खाली वाचून थकला. फंडाने सारे विकले असेल, किंवा थोडेसेच विकून तो एक टक्क्याच्या खाली आला असेल. खाली आला की नाव छापण्याचे बंधन संपते. तक्त्यावरून दोन्हींतले खरे कोणते, ते सांगता येईना. पाच टक्क्यांची वेस ओलांडणाऱ्याला दोन कामकाजी दिवसांत तसे जाहीर करावे लागते. हा तर त्या वेशीच्या जवळपासही नव्हता. दरम्यान भाव मात्र वर चढला होता. जूनमध्ये ज्याने घेतले त्याचा भाव वेगळा होता, आणि नोव्हेंबरात आक्काला द्यावा लागणारा वेगळा.

भाचा हिरमुसून म्हणाला, "म्हणजे हे तक्ते बघण्यात अर्थच नाही का, मामा?"

अर्थ आहे, आणि मोठा आहे. लागोपाठ आठ-दहा तिमाहींचे तक्ते शेजारी शेजारी ठेवले तर प्रवर्तक कमी होताहेत की वाढताहेत, गहाणाचा आकडा चढतोय का, विमा कंपन्या ठाण मांडून आहेत का, हे ध्यानात येते. पण कंपनी नफ्यात आहे की कर्जात, ते ताळेबंदच सांगणार. मालकांची यादी ताळेबंदाची जागा घेऊ शकत नाही.

हे नगर जिल्ह्याला कोणी वेगळे शिकवायला नको. आक्काचे सासर राहुरीकडचे. तिथे मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था होती, 1969 साली स्थापन झालेली, देशातल्या अशा पहिल्या पाच ग्रामीण संस्थांपैकी एक. तिथे प्रवर्तक नाहीत, परदेशी फंड नाहीत, गावोगावचे वीज वापरणारेच सभासद. मालकांच्या यादीत खोट काढायला जागा नव्हती. पण घाऊक वीज ज्या मंडळाकडून घ्यायची, त्याची थकबाकी वाढत गेली, आणि 2011 साली वीज वाटपाचे काम महावितरणकडे गेले. आक्का म्हणाली, "आमच्या मामंजींचं नाव होतं की त्या यादीत! ते नेहमी म्हणायचे, मी मालक आहे. पण हिशेब बघायला ते कधी गेले नाहीत."

रात्री निजानीज झाल्यावर आक्का माझ्यापाशी येऊन बसली. "त्याला वाईट वाटलं असेल रे. घरासाठीच धडपडतो पोर." मग जरा थांबून म्हणाली, "पण त्या फंडाला पुढच्या जूनमध्ये कॉलेजची फी भरायची नाही. मला भरायची आहे."

एवढ्या तक्त्यांतून मला सांगता आले नाही, ते तिने दोन वाक्यांत सांगितले. मोठ्यांचे पैसे आणि आपले पैसे एकाच कंपनीत असू शकतात, पण दोघांची गरज आणि मुदत एक नसते. ते चुकले तर त्यांच्या शंभर गुंतवणुकींतली एक चुकते. आक्का चुकली असती तर धाकटीचे कॉलेज चुकले असते.

आठ लाख डिसेंबरात पुन्हा बँकेतच राहिले, जूनपर्यंतच्या मुदतीने. फी वेळेवर भरली गेली. भाऊजींचे पाचशे शेअर आहेत तसे आहेत. भाचा आता आपल्या पगारातून थोडे थोडे शेअर घेतो, आणि दर तिमाहीला तक्ता उघडून मला फोन करतो. परवा म्हणाला, "मामा, टक्के नाही सांगत, आधी संख्या सांगतो."

यंदाही भाऊबिजेला नगरला जायचे आहे. सुप्याच्या पवनचक्क्या वाटेत दिसतीलच.